घरी रक्तदाब मोजावा का, आणि मोजलाच तर कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

शांतवारा (धागाकर्ती)

नमस्कार. वडिलांसाठी रक्तदाब मोजायचे यंत्र आणल्यापासून आमच्या घरात रोज नवा वाद होतो आहे. बाबांना बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि एरवी त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. मात्र यंत्र हाताशी आल्यापासून ते उठल्यावर, जेवल्यावर, फिरून आल्यावर, कोणाशी शब्दाला शब्द लागल्यावर आणि मध्यरात्री जाग आल्यावरही रक्तदाब मोजतात. एकाच तासात वरचा आकडा १२८ येतो आणि १५६ही येतो. जास्त आला की ते धास्तावतात, लगेच पुन्हा मोजतात आणि तो आणखी वर गेलेला असतो. दवाखान्यात तर तो नेहमीच घरच्यापेक्षा जास्त भरतो. भाऊ म्हणतो, यंत्र कपाटात टाकून कुलूप लावा. आई म्हणते, मोजलेच नाही तर कळणार कसे.

ज्यांच्या घरी हे यंत्र वर्षानुवर्षे आहे त्यांनी कृपया सांगावे, की दिवसातून किती वेळा आणि कधी मोजावे, इतक्या वेगवेगळ्या आकड्यांपैकी खरा कोणता मानावा, आणि कोणत्या आकड्याला डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

अनुस्वार

यंत्र दंडाला बांधायचे आहे की मनगटाला? दंडाचे असेल तर पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये एक मर्यादा छापलेली असते, ती आधी पाहावी. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

चौकस

माझे मत कदाचित कोणाला रुचणार नाही, पण मला तुमचा भाऊ शहाणा वाटतो. मोजमापाची सोय घरात आली की माणूस स्वतःचा रुग्ण होऊन बसतो. रक्तदाब हा श्वासागणिक बदलणारा प्रकार आहे, त्याच्या मागे लागून हाती काळजीखेरीज काय येणार? डॉक्टर जेव्हा तपासतील तेव्हा तपासतील. आमच्या आधीच्या पिढीने घरात यंत्र न ठेवताच आयुष्य काढले.

कोरापान

चौकसकाका, आधीच्या पिढीतील किती जणांना पक्षाघात झाला आणि का झाला हे कोणाला कळलेच नाही, तोही हिशेब मांडायला हवा ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ या वयोगटातील सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातील जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाच नाही. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे मोजण्याखेरीज तो कळायचा दुसरा मार्ग नाही.

मंदप्रकाश

मी परिचारिका म्हणून दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. शांतवारा, तुमच्या बाबांचे आकडे खाली-वर होतात यात नवल नाही, कारण ते ज्या ज्या वेळी मोजतात त्यातील बहुतेक वेळा मोजण्याच्या नाहीतच. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा लागतो. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यावे, कारण भरलेल्या मूत्राशयाने आकडा चांगलाच चढतो. मग खुर्चीवर पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे नुसते बसायचे. या पाच मिनिटांत वर्तमानपत्र नको, मोबाइल नको आणि बोलणे तर अजिबात नको, कारण बोलण्याने वरचा आकडा दहाच्या आसपास सहज वाढतो.

हाताविषयी सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो. पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीला हवा आणि हात टेबलावर सैल टेकलेला हवा. हात हृदयाच्या जितका खाली, तितका रक्ताच्या स्तंभाचा भार आकड्यात मिसळतो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ मिमी इतका (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात). अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २०२४ मध्ये याच गोष्टीची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबकळत ठेवल्यास साडेसहाच्या आसपास जास्त आला. दवाखान्यातील घाईत हात कुठे असतो हे आठवून पाहा, म्हणजे तिथे आकडा जास्त का भरतो याचे एक कारण सापडेल. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बाही वर सरकवून तिची घट्ट वळी दंडावर बसत असेल तर बाही काढलेलीच बरी.

आणि अनुस्वार यांनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, मोठा असेल तर खोटाच कमी येतो.

दुपारचीझोप

आमच्या घरी यंत्र सुरू केले की ‘बोलू नका, मोजतोय’ असे सांगून यजमान पाच मिनिटांची शांतता मिळवतात. त्यांचा रक्तदाब किती येतो ते मला ठाऊक नाही, पण त्या पाच मिनिटांत माझा नक्की उतरतो.

कोरापान

दुपारचीझोप, म्हणजे तुमच्याकडे हे यंत्र मोजायचे नसून उपचाराचेच आहे.

यंत्रवेडा

यंत्राच्या आत काय घडते हे समजले तर आकड्यांविषयीची निम्मी भीती कमी होईल, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त किती उंच चढते ते नोंदवले आणि ते आठ फुटांहून अधिक चढले. माणसावर असला प्रयोग रोज करणे शक्य नव्हते. १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला फुगणारा पट्टा बांधून नाडी कधी नाहीशी होते ते पाहण्याची पद्धत आणली, आणि १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी पट्टा सैल होताना धमनीत ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले. पहिला ठोका ऐकू आला की वरचा आकडा, आवाज थांबला की खालचा. स्टेथोस्कोप लावून डॉक्टर अजूनही तेच करतात.

घरचे स्वयंचलित यंत्र मात्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवेचा दाब कमी होत असताना धमनीच्या धडधडीने त्या हवेत बारीक लहरी उठतात आणि यंत्र त्या टिपते. लहरी सर्वांत मोठ्या असतात तो बिंदू म्हणजे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा यंत्र त्यावरून गणित करून काढते, आणि ते गणित प्रत्येक उत्पादकाचे वेगळे आणि गुप्त असते. याचा अर्थ पडद्यावर दिसणारा १४३ हा अंक कितीही ठाम दिसला तरी तो एक अंदाज आहे. म्हणूनच यंत्र घेताना त्याची स्वतंत्र पडताळणी झाली आहे का हे पाहावे. सध्याच्या आंतरराष्ट्रीय निकषात किमान ८५ व्यक्तींवर प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजणीशी तुलना होते आणि सरासरी फरक ५ मिमीच्या आत राहावा लागतो. सरासरी आत राहिली तरी एखाद्या व्यक्तीत फरक त्याहून जास्त पडू शकतो, हे विसरू नये. शिवाय पाच मिनिटांच्या अंतराने खुद्द रक्तदाबच बदललेला असतो. त्यामुळे १३६ आणि १४१ यांत फरक आहे असे मानून चिंता करणे मला निरर्थक वाटते.

चौकस

मग पाऱ्याचे यंत्रच खरे, हे सिद्ध झाले की नाही? आमचे जुने डॉक्टर अजून तेच वापरतात.

यंत्रवेडा

पाऱ्याचा स्तंभ अचूक असतो, पण तो वाचणारा माणूस तितका अचूक नसतो. हाताने मोजलेल्या नोंदी पाहिल्या तर शेवटी शून्य असलेले आकडे नको तितके आढळतात, कारण वाचणारा नकळत १३७ चे १४० करतो किंवा १३२ चे १३०. पट्टा भरभर सैल केला तरी आकडा चुकतो. शिवाय पारा विषारी असल्याने त्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने २०२० नंतर पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचे उत्पादन आणि व्यापार बंद करण्याचे ठरवले आहे, तेव्हा हा पर्याय आता मागे पडतो आहे.

शांतवारा

सर्वांचे मनापासून आभार. अनुस्वार, तुमच्या सूचनेनुसार पट्टा पाहिला. त्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असे छापलेले आहे आणि बाबांचा दंड मोजला तर तो ३५ भरला. बाबा अंगाने भरलेले आहेत, पण विक्रेत्याने दंडाचे माप विचारलेच नव्हते. मोठा पट्टा वेगळा मिळतो का?

मंदप्रकाश

मिळतो. तो त्याच उत्पादकाचा आणि त्याच यंत्रासाठीचा घ्यावा, कारण दुसऱ्याचा पट्टा जोडला तर वर यंत्रवेडा यांनी सांगितलेले गणित बिघडू शकते. दंडाचे माप खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर घ्यावे. या फरकाला क्षुल्लक समजू नका. २०२३ मधील एका अमेरिकी अभ्यासात ज्यांना एक माप मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सुमारे ५ ने जास्त आला, आणि ज्यांना दोन मापे मोठा हवा होता त्यांच्यात तो जवळजवळ २० ने जास्त आला. एवढ्या फरकावर गरज नसलेली औषधे सुरू होतात.

निळीशाई

आता बाजारात रक्तदाब सांगणारी घड्याळे आली आहेत. त्यांत पट्ट्याची कटकटच नाही. ती वापरली तर?

यंत्रवेडा

ज्या घड्याळाच्या पट्ट्यात खरोखर हवा भरते अशी काही मोजकी उपकरणे सोडली, तर बाकीची घड्याळे प्रकाशाने नाडीचा आकार पाहून दाबाचा अंदाज बांधतात, आणि त्यातील अनेकांना आधी दंडाच्या यंत्राने मोजलेला आकडा द्यावा लागतो. ज्याच्यावर विसंबून राहायचे त्यालाच आधी आपण उत्तर सांगायचे, असा हा मामला आहे. उच्च रक्तदाबावरील युरोपीय संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शनात पट्टा नसलेली उपकरणे निदानासाठी किंवा उपचार ठरवण्यासाठी वापरू नयेत असेच म्हटले आहे. मनगटाला हवेचा पट्टा बांधणारे यंत्र हा निराळा प्रकार आहे. दंड फारच मोठा असल्यामुळे पट्टा बसत नसेल तर ते चालते, पण मनगट हृदयाच्या पातळीला धरणे तिथे अधिकच गरजेचे असते.

स्थिरचित्त

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. न तपासलेल्या व्यक्तीचे औषध मी इथे ठरवणार नाही, पण मूळ प्रश्नांची सर्वसाधारण उत्तरे देता येतील.

पहिली गोष्ट अशी की एका सुट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. निर्णय सरासरीवर घ्यावा. डॉक्टरांची भेट ठरलेली असेल किंवा औषध बदललेले असेल, तेव्हा सलग सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी मोजावे, सकाळची मोजणी गोळी घेण्याआधी करावी, आणि दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. पहिल्या दिवशी माणूस यंत्राला बिचकलेला असतो, म्हणून त्या दिवसाच्या नोंदी सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. आकडे आवडो न आवडो, सगळे लिहावेत. चांगले दिसणारे निवडून आणणारे रुग्ण मला वारंवार भेटतात आणि त्यांच्या वह्या फार सुंदर असतात. आठवडा संपला की यंत्र बाजूला ठेवावे. रक्तदाब स्थिर असलेल्याने मधल्या काळात आठवड्यातून एक-दोनदा मोजले तरी भागते.

दुसरी गोष्ट म्हणजे घरची आणि दवाखान्यातील मोजपट्टी एक नाही. दवाखान्यातील १४०/९० च्या तोडीचा घरचा आकडा १३५/८५ मानला जातो. दवाखान्यात जास्त आणि घरी नेहमीसारखा, असा प्रकार अनेकांत आढळतो आणि त्यासाठी लगेच औषध लागतेच असे नाही, मात्र त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, कारण पुढे खरा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. याच्या उलटही घडते, म्हणजे दवाखान्यात नेहमीसारखा आणि घरी मात्र वाढलेला. हा प्रकार अधिक फसवा असतो, कारण सगळे ठीक आहे असे समजून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त राहतात. चौकस यांच्या सल्ल्याने यंत्राला कुलूप लावले तर हा प्रकार कधीच सापडणार नाही.

तिसरा प्रश्न धाव घेण्याचा. १८०/१२० किंवा त्याहून जास्त आकडा आला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, चेहरा वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर अंधुक होणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नये आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. खरे तर ही लक्षणे असतील तर आकडा कितीही असो, थांबू नये. लक्षण काहीच नसेल तर पाच-दहा मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तरीही तितकाच राहिला तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. घाबरून जास्तीची गोळी घेऊ नये, आणि जिभेखाली औषध ठेवून दाब झटक्यात उतरवण्याचा जुना प्रकार तर अजिबात करू नये. दाब एकदम कोसळल्याने मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्यामुळेच ती पद्धत सोडून द्यावी लागली.

चौकस

स्थिरचित्त, तुमचे लिहिणे पटण्यासारखे आहे, पण एक शंका राहते. पूर्वी १६० म्हणजे जास्त, मग १४०, आणि २०१७ मध्ये अमेरिकेने १३०/८० वर रेघ आणून ठेवली. रेघ खाली सरकली की एका रात्रीत लाखो निरोगी माणसे रुग्ण होतात आणि गोळ्यांचा खप वाढतो. यावर संशय घेणे चूक आहे का?

स्थिरचित्त

संशय घेणे चूक नाही, आणि रेघ कुठे असावी यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. युरोपने २०२४ मध्येही उच्च रक्तदाबाची व्याख्या १४०/९० अशीच ठेवली आणि १२०/७० पासून पुढचा टप्पा ‘वाढलेला’ या वेगळ्या गटात घातला. मात्र निसर्गात रेघ नाही. दहा लाखांच्या आसपास व्यक्तींची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने वाढला की पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे दुप्पट होताना दिसला. धोका उतारासारखा चढत जातो आणि आपण त्यावर सोयीसाठी खूण करतो. शिवाय अमेरिकी मार्गदर्शनातही १३० ओलांडल्याबरोबर सर्वांना गोळी द्या असे म्हटलेले नाही. अनेकांना आधी मीठ, वजन, व्यायाम आणि मद्य यांकडे लक्ष द्यायला सांगितले जाते.

तुमच्या पहिल्या प्रतिसादातील एक मुद्दा मात्र मी तुमच्या बाजूने मांडतो. नुसते घरी मोजल्याने रक्तदाब फारसा उतरत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसले आहे. त्या नोंदी पाहून कोणी औषध बदलले, समजावले, पाठपुरावा केला, तरच फरक पडतो. तेव्हा मोजून वही बंद करून ठेवणाऱ्यांनी चौकस यांचे ऐकले तरी त्यांचे फारसे नुकसान होणार नाही.

चौकस

निम्मा विजय मी आनंदाने स्वीकारतो.

रानपाखरू

माझी अडचण थोडी निराळी आहे. सासूबाई सकाळी मोजतात आणि १२४ आला तर ‘आज बरा आहे’ म्हणून गोळी घेत नाहीत. दोन दिवसांनी तो १६० वर गेला की मग घेतात. त्यांना कसे समजवावे? मी काही बोलले तर त्या म्हणतात, ‘उगाच औषध पोटात कशाला घालायचे?’

मंदप्रकाश

हे मी असंख्य घरांत पाहिले आहे. त्यांचा १२४ हा गोळीमुळे आलेला १२४ आहे, एवढे एकच वाक्य त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे. सुनेच्या तोंडून ते पटत नाही. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर दाब पूर्वीपेक्षाही उसळतो, हेही त्यांना सांगावे. आकडा वारंवार ११० च्या खाली येत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. तो निर्णय रोज सकाळी यंत्राच्या पडद्याकडे पाहून घ्यायचा नसतो.

निळीशाई

गोळी रात्री घेतलेली जास्त चांगली असे मध्यंतरी सगळीकडे फिरत होते. त्यात तथ्य आहे का?

स्थिरचित्त

ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि सकाळी घेणारे व रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. जी वेळ विसरली जात नाही ती चांगली वेळ. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर झोपमोड होते, एवढे ध्यानात ठेवावे.

अनुस्वार

वयस्कर मंडळींसाठी एक भर घालतो. बसून मोजलेला आकडा उत्तम असला तरी उठून उभे राहिल्यावर दाब घसरत असेल तर तोल जातो आणि मोडलेल्या हाडाचे निमित्त पुढे वर्षभर पुरते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे. ही तपासणी करताना जवळ कोणी तरी उभे असावे. तसेच पहिल्यांदा यंत्र आणल्यावर दोन्ही दंडांवर मोजून पाहावे. ज्या हाताचा आकडा सतत जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरावा, आणि फरक वारंवार दहापेक्षा जास्त येत असेल तर त्याचीही नोंद डॉक्टरांकडे न्यावी.

रानपाखरू

धन्यवाद. अवांतर विचारते, माझ्या बहिणीला सहावा महिना चालू आहे आणि ती आईचे यंत्र वापरते. ते चालेल का?

मंदप्रकाश

हे अवांतर अजिबात नाही. गरोदरपणात काही यंत्रे, विशेषतः गर्भारपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार झालेला असेल तेव्हा, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, म्हणून गरोदर स्त्रियांवर पडताळणी झालेलेच यंत्र वापरावे. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि १६०/११० आला तर लगेच रुग्णालय गाठावे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांखाली पोटात दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज येणे, यांपैकी काही असेल तर आकडा चांगला असला तरी थांबू नये.

कोरापान

स्थिरचित्त यांनी मिठाचा उल्लेख ओझरता केला आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सांगते, आणि त्यात पाकिटातील पदार्थांतून येणारे मीठही धरलेले असते. याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सोबत चालणारी इतर औषधे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नियमित घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो, बंद नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या औषधांनीही वाढतो, आणि पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते. माझ्या काकांच्या रक्तदाबाची गोळी वाढवायचे ठरत होते, तेव्हा त्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचा विषय निघाला आणि त्या बदलल्यावर मात्रा वाढवावी लागली नाही.

निळीशाई

यंत्रावर कधी कधी हृदयाच्या आकाराची खूण लुकलुकते, ती कशाची?

यंत्रवेडा

बहुतेक यंत्रांत ती नाडी अनियमित असल्याची खूण असते, पण प्रत्येक उत्पादकाच्या खुणा वेगळ्या असल्यामुळे माहितीपत्रक पाहावे. हात हलला तरी ती उमटते. मात्र शांत बसूनही ती वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्यावा, कारण हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असण्याची शक्यता असते आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. नाडी अनियमित असताना यंत्राचा एकेक आकडा भरवशाचा नसतो, म्हणून निदान तीन नोंदींची सरासरी घ्यावी.

शांतवारा

थोडे उशिरा लिहिते आहे. मोठा पट्टा मागवला आणि तो बांधून, इथे सांगितल्याप्रमाणे आठवडाभर नोंदी घेतल्या. सरासरी १३८/८४ आली, म्हणजे १५० च्या पुढचे आकडे आता दिसत नाहीत, पण १३५ ची मर्यादाही थोडी ओलांडलेलीच आहे. यंत्र सध्या आईच्या ताब्यात आहे आणि ठरलेल्या दोन वेळांखेरीज ते मिळत नाही. बाबा तिला ‘कोषाध्यक्ष’ म्हणू लागले आहेत. डॉक्टरांनी वही शांतपणे पाहिली, गोळी आहे तशीच ठेवली आणि २४ तास अंगावर बांधून ठेवायच्या यंत्राने एकदा मोजायचे ठरवले आहे. रात्रभर पट्टा फुगत राहिला तर बाबांना झोप लागेल का, याची त्यांना आतापासूनच चिंता लागली आहे. कोणाला अनुभव आहे का?

दुपारचीझोप

यजमानांनी ते केले आहे. दिवसा साधारण दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा फुगतो आणि रात्री त्याहून विरळ. पहिल्या काही वेळा ते दचकून जागे झाले, नंतर घोरण्याने पट्ट्यावर मात केली. पट्टा फुगू लागला की असाल तिथे थांबून हात सैल आणि स्थिर ठेवायचा, एवढे पथ्य दिवसभर पाळावे लागते. यंत्र भिजवून चालत नसल्याने अंघोळ आधीच उरकून जावे.

स्थिरचित्त

झोप थोडी मोडली तरी तपासणी वाया जात नाही. झोपेत दाब दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरणे अपेक्षित असते आणि तो उतरतो की नाही हे घरच्या यंत्राने कळत नाही, म्हणून ही तपासणी सांगितली असावी. अहवालात २४ तासांची सरासरी १३०/८० च्या खाली आणि झोपेतील १२०/७० च्या खाली आहे का ते पाहतात. बाबांना त्या दिवशी झोपल्याची, उठल्याची आणि गोळी घेतल्याची वेळ कागदावर लिहून ठेवायला सांगा, आणि शक्यतो नेहमीचाच दिवस निवडा. त्या दिवशी मुद्दाम विश्रांती घेऊ नये. घरचे यंत्रही सोबत न्या, म्हणजे त्याचा आकडा दवाखान्यातील यंत्राशी तिथेच ताडून पाहता येईल.